रुप्याचं पाणी

१

सकाळी आंघोळ झाली की मी आधी सवतीला कुंकू लावते, मग स्वतःला.

ही आमच्या घरची रीत. एक बायको जाऊन दुसरी आली, की गेलेलीचा चांदीचा टाक करायचा. म्हणजे अंगठ्याएवढ्या पत्र्यावर तिची मूर्ती उठवायची, आणि जी जिवंत आहे तिने तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायचा. नवं लुगडं आलं तर आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढायचा. एवढं केलं की गेलेली राहिलेलीला त्रास देत नाही म्हणे. राहिलेली जो त्रास काढते, त्याच्यावर मात्र कुणी काही रीत करून ठेवलेली नाही.

माझी सवत पद्मावती. मी तिला कधी पाहिलं नाही. कावीळ होऊन ती गेली, आणि त्यानंतर मी बेळगावकडून लग्न होऊन ह्या धारगळात आले. माझे वडील इथे हमरस्त्याच्या कामावर मजूर होते, त्यांनीच जमवलं. नवरा दिनकर. रस्त्याला लागून घर, पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान, दारू नाही, हात उगारणं नाही. बिजवर म्हणून नाक मुरडण्याची आमची ऐपत नव्हती.

वाड्यावरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव घाटावयली, म्हणजे घाटावरची, असं ठेवलं. हर्षा हे नाव लग्नपत्रिकेत छापलं तेवढंच. माझ्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, त्यांचं त्यांना हसू. माझ्या बोलण्याचं हसू. आणि हसून झालं की पद्मावती सुरू. पद्मावतीच्या हातची सोलकढी, पद्मावतीचं सारवण, आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवताना पद्मावती कशी गुणगुणायची. मेलेल्या बाईचं एक बरं असतं, तिच्या आमटीत कधी मीठ जास्त पडत नाही.

टाकावरची पद्मावती हात जोडून उभी होती. नाकात नथ, आणि ओठांचा डावा कोपरा जरासा वर गेलेला. सोनार गोकुळदास शेटने तो मुद्दाम उचलला की त्याचा हात घसरला, देव जाणे. मला तर ती हसते आहे असंच वाटायचं. तेही माझ्याच गळ्यात बसून.

हे सगळं मी सोसलं असतं, पण दिनकरचं बघणं मला सोसवत नव्हतं. माझ्याशी बोलताना तो माझ्या गळ्याकडे बघायचा. नव्या नवलाईत मला वाटलं, लाजतो बिचारा. मग एकदा जेवताना त्याचे डोळे असे मऊ झाले की माझा वाढता हात थांबला.

"गरीब आसलां तां," तो टाकाकडे बघत म्हणाला. "कदी कायेक मागलां ना."

गरीब होती, कधी काही मागितलं नाही. मग त्याने नजर वर करून माझ्याकडे बघितलं, ते न लागणाऱ्या सेटकडे बघावं तसं, आणि भात मागितला. त्या मऊ नजरेतली एक नजर मला हवी होती. एकदाच, पण माझ्यासाठी. बाकी ह्या संसारात माझं काही मागणं नव्हतं.

२

घटक राज्य झालं, त्याच्या पुढल्या वर्षी ते मशीन घरात आलं.

दुकानात तेव्हाही भाषेचा वाद संपलेला नव्हता. पेपर मराठी वाचायचा आणि तावातावाने भांडायचं ते कोंकणीतून, असे सगळे वीर तिथे जमत. दिनकर मान खाली घालून काम करत राही. अशाच एका दुपारी हरमलच्या किनाऱ्यावर राहणारा एक गोरा टेपरेकॉर्डर घेऊन आला. दुरुस्ती होईस्तोवर त्याने पिशवीतून पिवळसर पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले आणि दिनकरला कागदावर चित्र काढून दाखवलं. चांदीच्या दोन तारा, पाणी आणि वीज. घसा, पोट, डोळे, जखमा, सगळ्यावर हे पाणी चालतं म्हणाला.

दिनकरला असल्या गोष्टींचं वेड. त्याने लगेच स्वतःचं मशीन उभं केलं. मोडक्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने जावी म्हणून डायोड, करंट जास्त होऊ नये म्हणून मध्ये टॉर्चचा बारका बल्ब, आणि शेवटी दोन चिमटे, एक लाल वायरचा आणि एक काळ्या. चिमट्यांना चांदी लावायची आणि ती हॉर्लिक्सच्या बाटलीत सोडायची. पाणी गॅरेजमधून आणलेलं, गाडीच्या बॅटरीत घालतात ते. बटण दाबलं की ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागे आणि थोड्या वेळाने पाण्यात धूर सुटल्यासारखं दिसे.

लाल चिमट्यातली चांदी झिजते, थोडी जाऊन काळ्या चिमट्यातल्या चांदीवर बसते आणि बाकीची पाण्यात उतरते, असं त्याने मला समजावलं. म्हणून दर खेपेला चिमटे बदलायचे. आज हिची पाळी, उद्या तिची, म्हणजे दोन्ही सारख्या झिजतात. मशीन मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवलं आणि चालवायचं काम माझ्याकडे आलं.

दिनकरचा जुना खोकला थांबला. पाण्याने थांबला की आपोआप, मला माहीत नाही. शेजारच्या वत्सलाचा चिकटलेला डोळा उघडला. मग बायका रिकाम्या बाटल्या घेऊन मागच्या दारी यायला लागल्या. रुप्याचं पाणी म्हणत त्याला. इकडे चांदीला रुपं म्हणतात.

आणि एक दिवस गोकुळदास शेटकडून आणलेली चांदीची तार संपली.

"तुज्या पांयजणांचां रुपां आसा मगे?" दिनकर सहज म्हणाला. "तां दी."

माहेरहून आलेली तेवढी एकच चांदी माझ्याकडे होती. आईच्या पायातले पैंजण. मागितलं हेच अप्रूप, म्हणून मी मुकाट्याने काढून दिले. त्याने तुकडे करून मशीनला लावले तर पाणी हिरवट झालं. दुकानात गोकुळदास शेट बसला होता, त्याने एक तुकडा दगडावर घासला आणि तांबं मिसळलंय म्हणाला. मी मधल्या दाराच्या पडद्यामागे उभी होते. चारचौघांसमोर दिनकर म्हणाला, घाटावयलां रुपां, आनी कितें जातलां? घाटावरची चांदी, दुसरं काय होणार. सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मी गळ्यातला टाक हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिले. "आणि हे? हे बी चांदीच आहे की."

त्याने मान वर केली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"त्याका हात लावूं नाका," तो म्हणाला. "तां शुद्ध रुपां."

३

पुढल्या शुक्रवारी तो सुट्या भागांसाठी म्हापशाच्या बाजारात गेला. बस वळणाआड गेलेली मी पाहिली. मग आत येऊन गळ्यातला दोरा सोडला आणि सवतीला लाल चिमट्यात पकडलं. काळ्या चिमट्यात आईच्या पैंजणाचा एक तुकडा लावला, वरच्या कडीसकट उरलेला. त्या बाजूला चांदी झिजत नाही, तांबंही उतरत नाही. एवढं मला आता कळत होतं.

बटण दाबलं. गुणगुण सुरू झाली. पद्मावती उलटी लटकून पाण्यात बुडाली होती आणि तिच्या जोडलेल्या हातांतून बारीक धूर सुटत होता. मी स्टूल ओढून समोर बसले आणि शेंगा सोलत बघत राहिले. इतकं छान मला ह्या घरात कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर तो दुकानात असला तरी मी हेच करू लागले. पदर गळ्याभोवती घेतला की आत दोरा नाही हे कुणाला दिसत नाही. संध्याकाळी टाक पुसून पुन्हा गळ्यात, पदराआड. चिमटे मी बदलले नाहीत. पाळीबिळी काही नाही, झिजायचं ते तिनेच. पैंजणाचा तुकडा काळ्या चिमट्यात तसाच राहू दिला, त्याच्यावर काळं शेवाळ धरत होतं, ते पुसायचे कष्टही मी घेतले नाहीत.

आधी तिचा तो वर गेलेला ओठ गेला, मग नथ गेली.

पाणी मात्र असं उतरलं की काय सांगावं. सोनेरी, नितळ. "पयल्यापरस बरां लागता गो," वत्सला म्हणाली, पहिल्यापेक्षा चांगलं लागतं. दिनकरने बाटली उन्हात धरून पाहिली आणि रुपं कुठलं असं विचारलं. जुनी वाटी देऊन गोकुळदास शेटकडून तार आणली, असं मी ठोकून दिलं. त्याने पेल्यात ओतून घेतलं, पहिला घोट तोंडात धरला आणि डोळे मिटले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करते आहे ते. तिला संपवायला निघाले होते आणि रोज सकाळी माझ्याच हाताने त्याला पाजत होते. ती त्याच्या ओठांना लागत होती, घशातून उतरत होती. बायको म्हणून मी जिथवर कधी पोचले नाही, तिथे ती पेल्यापेल्याने जात होती.

दुसऱ्या दिवसापासून दिनकरच्या पेल्यात साधं पाणी, चहाचे दोन थेंब टाकून पिवळं केलेलं. वाड्यावरच्या बाटल्यांतही तेच. बायकांचे डोळे आणि पोटं त्या पाण्यानेही बरी होत होती, त्यामुळे कुणाची तक्रार आली नाही. रुप्याचं पाणी सगळं मी पीत होते. मला ते आवडत होतं असं नाही, त्याला गंजलेल्या पळीसारखी चव होती. पण ती दुसऱ्या कुणाच्या तोंडी लागलेली मला चालणार नव्हती. गिळायची तर मी एकटीने.

४

कुठे काही बिघडतंय हे मला पहिल्यांदा बांगड्यांवरून जाणवलं.

दारात मासेवाली पाटी घेऊन आली होती. मी खाली बसले, बांगड्याचे कल्ले उघडून बघितले आणि म्हटलं, "इतके म्हारग? सारको भाव सांग, ना तर पाटी उखल." ती मुकाट्याने भाव उतरवून बांगडे देऊन गेली. कुंपणापलीकडे वत्सला कपडे वाळत घालत होती, ती हातातलं लुगडं तसंच धरून उभी राहिली.

"तू आमच्यासारी उलवंक कदी शिकलंस गो?"

आमच्यासारखं बोलायला कधी शिकलीस, म्हणे. मी हसले. इतकी वर्षं कानावर पडतंय, जीभ वळणारच, असं काहीसं मी सांगितलं. ते खरंही असेल. पण त्या दिवशी मी तेही तिच्याच बोलीत सांगितलं होतं, आणि माझी बेळगावची 'की' बोलताना कुठे आलीच नाही.

त्याच बांगड्यांच्या कालवणाला तिरफळं हवी होती. माझा डबा चुलीजवळ असतो. माझा हात मात्र रगड्यामागच्या कोनाड्यात गेला आणि एक गाठ मारलेलं फडकं घेऊन आला. आत तिरफळं होती, इतकी जुनी की वासही उरला नव्हता. कधीतरी झाडताना पाहिली असतील आणि विसरले असेन. माणूस किती गोष्टी विसरतो. मी फडक्याला पुन्हा तशीच गाठ मारून ते होतं तिथे ठेवलं.

मग ती दुपार. मशीन चालू होतं, मी आदोळीवर बसून नारळ खवत होते आणि वीज गेली. पेडणे महालात, म्हणजे तालुक्यात, वीज जाण्याचं कुणाला नवल नाही. पंखा थांबला, दुकानातले रेडिओ गप्प झाले, समोरच्या गिरणीचा पट्टा धापा टाकत थांबला. ट्रान्सफॉर्मर मात्र गुणगुणतच होता.

मी बसल्या जागी ऐकत राहिले. बल्ब विझलेला दिसत होता. उठून खिडकीपाशी गेले आणि ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला. तो स्थिर होता, हाताला काही जाणवत नव्हतं. गुणगुण चालूच. खिडकीत भुंगा अडकलाय का बघितलं. फडताळामागे कान लावला. मी जिथे जाईन तिथे आवाज तेवढ्याच जवळ होता.

वळून बघते तो दारात दिनकर. हातात इस्त्री थंड झालेली, म्हणजे सोल्डरिंगची. त्याचे डोळे भरून आले होते.

"ही गुणगूण," तो म्हणाला, "तुका कोणी शिकयली?"

मी तोंड मिटलं आणि आवाज थांबला.

५

त्यानंतर त्याची नजर गळ्यावरून वर चढली. माझ्या ओठांवर थांबू लागली, मग डोळ्यांवर. जी मऊ नजर मी इतकी वर्षं मागत होते तीच. जेवताना तो माझ्याकडे बघत बसायचा. दुकानात वाद रंगलेला असताना पडदा सारून नुसताच आत डोकावून जायचा.

आणि मला ते गोड लागत नव्हतं. नजर माझ्या तोंडावर होती, पण माझ्यासाठी नव्हती, हे न कळायला मी काही आंधळी नाही. गळ्यात होती तेव्हा निदान तिची जागा मला माहीत होती. पोटात इतकं दुखलं की वाटलं, टाक आत्ताच्या आत्ता संपवावा. ती पुरती संपली की ह्या नजरेला बघायला दुसरं कुणी उरणार नाही, मग ती आपोआप माझी होईल. असा माझा हिशेब. मी मशीन सकाळीही लावू लागले आणि दुपारीही.

नखं निळसर झाली. मग हिरड्या. मग उन्हात असते तेवढी सगळी कातडी राखाडी होत गेली, चेहरा, मान, हाताचे पंजे. वत्सला लांबूनच बोलू लागली. शेवटी दिनकर मला म्हापशाला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी पापण्या उलटून बघितल्या आणि काय पिता ते विचारलं. चांदी कातडीखाली जाऊन बसते आणि हा रंग जन्मभर जात नाही, ते पाणी आधी बंद करा, असं त्यांनी दिनकरला रागावून सांगितलं. मला हायसं वाटलं. रंगाला कारण होतं, ते डॉक्टरांना पुस्तकातून माहीत होतं, म्हणजे बाकीच्यालाही काहीतरी असेल. मग त्यांनी दिनकरचे हात बघायला मागितले. त्याची नखं गुलाबी होती. आपणही रोज एवढंच पितो, असं दिनकर म्हणत राहिला. मी माझी नखं पदरात झाकली.

बसमध्ये तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. कोलवाळचा पूल आला तेव्हा त्याने बोट माझ्या गालाला लावलं. भर दिवसा, बसमध्ये, माणसांसमोर.

"शुद्ध रुपां," तो म्हणाला.

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. चेहरा टाकाच्या रंगाचा झाला होता, ते मला माहीतच होतं. बघायला वेळ लागला तो हनुवटीवर. तिथे ठिपके नव्हते. गोंदण निळं आणि कातडी करडी, रंगात रंग मिसळला असेल. मी पाण्याने चोळलं, मग खोबरेल लावून चोळलं. लहानपणी आजीने धरून ठेवलं होतं आणि मी रडून गोंधळ घातला होता, हे आठवायला गेले. आठवलं ते असं, जसं कुणीतरी आपल्याला सांगितलेलं असावं.

६

दिनकरने मशीन फडताळावर चढवून ठेवलं. तो दुकानात जाऊन बसला की मी स्टुलावर चढून उतरवत होते. आता थोडंच उरलं होतं. टाक कांद्याच्या सालीसारखा झाला होता, उन्हात धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती.

त्या दिवशी तो चिमट्यातून निसटला. मी बाटलीत बोटं घालून काढायला गेले तर बोटांत त्याचे तुकडे आले आणि तुकड्यांचीही भुकटी झाली. संपली. मी वाट बघितली की आता काहीतरी वाटेल. दुकानातून दिनकरचा आवाज आला, चहा ठेव, मी आत येतोय.

माझा गळा रिकामा होता. नजर तोंडावर असली तरी रिकामा गळा त्याला दिसणारच.

काळ्या चिमट्यात पैंजणाचा तुकडा होता. त्याला कडी होती. पुसून दोऱ्यात ओवला तर निदान आजचं भागेल, पदराआड काय कळणार आहे. मी तो बाहेर काढला. इतक्या दिवसांत एकदाही काढला नव्हता. काळं शेवाळ बोटाएवढं जाड झालं होतं. चिंच लावून अंगठ्याने घासायला घेतलं.

अंगठ्याला उंचवटे लागले. पैंजणावर नक्षी असतेच. मी घासत राहिले. शेवाळ सुटलं तिथे दोन हात दिसले, जोडलेले. चांदी इकडून तिकडे जाऊन बसते हे दिनकरने सांगितलेलंच होतं, तिची चांदी, तिचाच आकार घेऊन बसली असेल, विजेचं काय सांगावं. मग नाक लागलं. त्यात नथ नव्हती. डोक्यावरून पदर होता, आमच्याकडे घेतात तसा. इकडच्या बायका घेत नाहीत तसा.

मी तो खिडकीपाशी नेला. हनुवटीवर तीन बारीक खड्डे होते. हलक्या चांदीला असे खड्डे पडतात, गोकुळदास शेटला विचारलं तर तोही हेच सांगेल. ओठांवर अजून थोडं शेवाळ होतं. मी अंगठा तिथे नेला आणि थांबले. टाकावरच्या बाईचं तोंड मिटलेलं असतं. हिचं मिटलेलं लागत नव्हतं. ओठांच्या मध्ये अंगठ्याचं नख आत जात होतं.

तेवढं मी पुसलं नाही. दुकानातलं बाकडं सरकल्याचा आवाज आला. मी कडीत दोरा ओवला, गळ्याभोवती घेतला आणि मागे गाठ मारली. गाठ बसली तेव्हा फार दिवसांनी डोकं हलकं झाल्यासारखं वाटलं. मग आदोळी ओढून मी नारळ खवायला बसले.

७

सकाळी आंघोळ झाली की मी आधी सवतीला कुंकू लावते, मग स्वतःला. रीत म्हणजे रीत.

माझी सवत बेळगावकडची. मी तिला कधी पाहिलं नाही. भिंतीवर लग्नाचा फोटो आहे, त्यात दिनकरच्या शेजारी हनुवटीवर ठिपके असलेली एक बाई डोक्यावर पदर घेऊन उभी आहे, तीच. घाटावयली म्हणत तिला. माझ्या घरात माझ्या मागे किती वर्षं राहिली कोण जाणे. तिरफळांचा डबा चुलीजवळ ठेवायची, वाफेने सगळी बाद. मी ती पुन्हा रगड्यामागच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

वत्सला परवा तिच्याबद्दल बोलत बसली. कधी मोठ्याने बोलली नाही म्हणे. आपण तिला फार हसायचो म्हणे. माझ्या हातची सोलकढी पीत होती आणि कौतुक तिचं चाललं होतं. तेवढी नाकाला मिरची झोंबली खरी.

पण दिनकरचं मला सोसवत नाही. काल दुपारी मी त्याला भात वाढत होते. तो माझ्याशी बोलता बोलता थांबला. नजर माझ्या तोंडावरून खाली आली आणि गळ्यावर टेकली. डोळे असे मऊ झाले की माझा वाढता हात थांबला.

"गरीब आसलां तां," तो म्हणाला. "कदी कायेक मागलां ना."

मी टाक पदराआड केला. हाताला तो कोमट लागला आणि आत काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, मशीनवर हात ठेवला की लागतं तसं. माझाच ऊर धडधडत असेल. ओठांवरचं ते काळं मी अजून पुसलेलं नाही, पुसणारही नाही.

शुक्रवारी दिनकर म्हापशाला जाणार आहे. मशीन फडताळावर आहे, बाटली धुऊन ठेवली आहे. काळ्या चिमट्याला लावायला माझी जोडवी होतील. लाल चिमट्याला गळ्यातली ही. पाणी मी त्याच्या हाती लागू देणार नाही, सगळं मी एकटी पिणार. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चिमटे बदलत जा. ती बदलत नव्हती.